मासळीचा भाव आणि अर्थशास्त्राची मराठी परिभाषा

भाषाविज्ञानाचा अध्यापक असूनही परिभाषेच्या निमित्ताने अर्थशास्त्राच्या मराठी उत्तरपत्रिका चाळण्याचा प्रसंग मजवर अनेकदा आला आहे. तीत एक चूक इतक्या नियमाने आढळते की, ती एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. किंमत उतरली म्हणजे मागणी वाढते, असे तो एका परिच्छेदात लिहितो. मागणी वाढली म्हणजे किंमत चढते, असे पुढच्याच परिच्छेदात लिहितो. ही दोन विधाने ओळीने ठेवली तर किंमत उतरल्यामुळे किंमत चढते, असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. विशेष असे की, दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. दोष आहे तो दोन निराळ्या गोष्टींना 'मागणी' हे एकच नाव देण्यात. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थीही येथे अडखळतो, हे खरे. परंतु मराठीच्या पदरी ह्या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र शब्द असताना आपण एकावरच का अडून राहिलो, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

मराठीत अर्थशास्त्र आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. रामकृष्ण विश्वनाथ ह्यांचा हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीविषयीचा ग्रंथ १८४३ चा. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चे. हरि केशवजी व विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांची 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ ची. आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ ची. अवघ्या बारा वर्षांत एवढे कार्य व्हावे, हे त्या पिढीला भूषणावह आहे. ह्या मंडळींपुढील प्रश्न मात्र देशाचा होता. संपत्ती कशाने वाढते, आपला देश निर्धन का होत आहे, परदेशी व्यापाराने कोणाचे हित होते, ह्या विचाराने ती लिहिती झाली. 'देशव्यवहार' हे नावच त्याची साक्ष देते. सकाळी एका टोपलीला मिळणारा भाव दुपारी निम्म्यावर का येतो, हा प्रश्न त्यांच्या विषयपत्रिकेवर नव्हता, आणि नसावा ह्यात नवल नाही.

दुसरे कारण अधिक शास्त्रीय आहे. चिपळूणकरांच्या समोर होता तो जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा मूलतत्त्वांचा ग्रंथ १८४८ चा. मिलच्या विवेचनात मागणी म्हणजे मागितलेले परिमाण, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. ते परिमाण किमतीनुसार बदलते हे तो जाणतो. परंतु निरनिराळ्या किमतींना गिऱ्हाईक किती माल घेईल ह्याचे संपूर्ण कोष्टक म्हणजे मागणी, ही कल्पना पुढची. फ्रान्समध्ये कूर्नो ह्याने ती १८३८ मध्येच मांडली होती, पण तिच्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. जेव्हन्स व मेंगर ह्यांचे सीमांत उपयोगितेवरील ग्रंथ १८७१ चे, आणि मार्शलचा ग्रंथ १८९० चा. म्हणजे आपल्या शास्त्राचा पाया मराठीत घातला गेला तेव्हा ज्या भेदाविषयी आपण बोलत आहो, तो मूळ ग्रंथातच नव्हता. पुढे भेद आला, पण शब्द जुनाच राहिला.

आता मुरब्याकडे वळू. पालघर तालुक्यातील हे मच्छीमारांचे गाव. दक्षिणेस खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेस तारापूर. मुरब्याचे नाव अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कोठेही नाही. मासळी मात्र ह्या शास्त्राच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. १८६९ मध्ये थॉर्नटन ह्याने मागणी-पुरवठ्याच्या नियमावर हल्ला चढविला तो मासळीच्या लिलावाचाच दाखला देऊन. भाव खालून वर चढवीत नेला तर एक किंमत येते. डच पद्धतीने वरून खाली उतरवीत नेला तर त्याच गिऱ्हाइकांत, त्याच मासळीला दुसरी किंमत येऊ शकते. मग नियम कोठे राहिला, असा त्याचा सवाल होता. मिलने त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. काही प्रसंगी दोन मर्यादांच्या दरम्यान किंमत अनिश्चित राहू शकते हे त्याने मान्य केले, पण नियम मोडतो हे मान्य केले नाही. ह्याच परीक्षणात त्याने वेतननिधीचा आपला जुना सिद्धांत सोडून दिला. टोपलीभर मासळीने एका थोर पंडिताला आपले मत बदलावयास लावले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मार्शलनेही काळ आणि किंमत ह्यांचा संबंध उलगडताना मासेमारीचेच उदाहरण घेतले आहे. त्याचे विवेचन मुरब्याच्या किनाऱ्यावर ठेवून पाहू. होड्या परत आल्या. आणलेली मासळी आता वाढणार नाही, आणि ती टिकणारीही नाही. ह्या घटकेला तिच्यावर झालेला खर्च भावाला वर धरून ठेवू शकत नाही. समोर किती गिऱ्हाईक आहे त्यावरच भाव ठरतो. काही महिन्यांचा विचार केला तर आहेत त्याच होड्या अधिक वेळा समुद्रात जातील, दुसऱ्या कामावर गेलेले खलाशी परततील. काही वर्षांचा विचार केला तर नव्या होड्या बांधल्या जातील, नवी पोरे धंद्यात येतील. आणि तेव्हा कोठे उत्पादनखर्चाचा हात किमतीवर पडू लागेल. बाजारात ह्यांपैकी पहिल्या अवस्थेला स्वतंत्र शब्द आहे, आणि तो अत्यंत नेमका आहे: 'आवक'. आवक म्हणजे आलेला माल. येऊ शकणारा माल नव्हे. 'पुरवठा' हा 'पुरणे' ह्याचे प्रयोजक रूप जे 'पुरविणे', त्यापासून झालेला. त्यात गरज भागविण्याचा भाव आहे. शास्त्रातील पुरवठा गरजेला पुरतोच असे नाही, हे विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते. आवक पुरते की न पुरते, ह्याविषयी तो शब्द काहीच बोलत नाही.

आवकही वाटते तितकी ताठर नसते. बोंबील हा अंगात पाणी फार असलेला मासा. काही तासांत खराब होतो. ओल्या बोंबलाला भाव नसेल तर तो वलांडीवर चढतो, आणि आजची आवक पुढील महिन्यांची होते. ओले विकावे की सुकवावे, हा निर्णय घेणारी कोळीण आजचा भाव, पुढचा भाव, उन्हाचा भरवसा आणि आपले श्रम ह्यांचा हिशोब मनात करते. ह्या हिशोबाला पुस्तकात 'संधी परिव्यय' म्हणतात. हा शब्द मी तिला सांगून पाहिला नाही. सांगून काही साधले असते असेही वाटत नाही.

मूळ चुकीवर पुन्हा येऊ. 'मागणी' हे 'मागणे' ह्यापासून. मराठीत मुलीला मागणी घालतात, कामगार मागण्या पुढे करतात. ह्या शब्दात हक्काचा किंवा विनंतीचा सूर आहे, खिशातील पैशाची आठवण नाही. बाजारातील माणूस दोन शब्द वापरतो. मालाला 'उठाव' आहे किंवा नाही, असे तो म्हणतो. आणि माल किती गेला हे सांगताना 'खप' म्हणतो. श्रावणात पुष्कळ घरांतून मासळी वर्ज्य असते. उठाव नसतो, म्हणून भाव पडतो. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, तेव्हा होड्या समुद्रात उतरतात त्या नेमक्या ह्याच मंदीच्या तोंडावर. श्रावण सरला की उठाव परत येतो, आणि आवक तेवढीच असली तरी भाव चढतो. ह्याउलट एखाद्या दिवशी आवक भरमसाट झाली, भाव उतरला आणि त्यामुळे जास्त टोपल्या गेल्या, तर खप वाढला. उठाव होता तेवढाच आहे. संपूर्ण कोष्टकाला उठाव म्हणा, त्यातील एका ओळीला खप म्हणा, म्हणजे भाव उतरला की खप वाढतो, आणि उठाव वाढला की भाव चढतो. आरंभीचा विरोधाभास नाहीसा होतो.

हे शब्द पारिभाषिक म्हणून स्वीकारण्यास अडचणी नाहीत, असे नाही. खप हा झालेल्या विक्रीचा वाचक आहे. टंचाईत इच्छिलेले परिमाण आणि विकले गेलेले परिमाण एक नसते, तेव्हा तो अपुरा पडतो. 'उठाव' ह्याला बंडाचाही अर्थ आहे. परंतु अर्थशास्त्राच्या वर्गात बसलेला मनुष्य मालाच्या उठावाचा अर्थ बंड असा करील, ही भीती मला वाटत नाही. 'अंशलक्ष्यी' हा शब्द मागे टाकून आपण 'सूक्ष्म' पत्करला, तेव्हा तर ह्याहून मोठी अडचण ओढवून घेतली. फ्रिशने १९३३ मध्ये जो भेद केला, तो दृष्टी अंशावर की समग्रावर असा आहे. मासळीचा बाजार लहान असो वा जगाएवढा, त्याचा विचार अंशलक्ष्यीच राहतो. त्यात सूक्ष्म असे काही नाही.

शब्दांचा हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता असता तर एवढा प्रपंच केला नसता. १९५४ मध्ये गॉर्डन ह्याने मासेमारीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात असे दाखविले की, जे पाणी सर्वांना मोकळे त्यातून मिळणारे वाढावे स्पर्धेत नाहीसे होते. प्रत्येक जण आपल्या होडीचा हिशोब करतो, माशांच्या साठ्याचा कोणी करीत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, त्यामागे घटत्या साठ्याची हीच चिंता होती. आता मुरब्याच्या किनाऱ्यावर बंदर उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. उत्तरेस वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्येच झाली. अशा वेळी भरपाईची भाषा सुरू होते, आणि तीत 'किंमत' हा एकच शब्द सर्व कामे करू लागतो. मराठीत तीन शब्द आहेत. 'भाव' हा नेहमी नगामागे अथवा मापामागे असतो, आणि जेथे विक्री नाही तेथे तो नाही. 'किंमत' हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द पैशाचीही बोलतो आणि माणसाचीही. 'मोल' हा संस्कृत 'मूल्य' ह्याचा प्राकृतातून आलेला तद्भव. मोलमजुरीत तो रोजंदारीपर्यंत उतरला खरा, पण मोलाचा सल्ला विकत मिळत नाही, हेही तोच सांगतो. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य ह्यांत जो भेद केला, तो सांगावयास आपल्याला दोन जोडशब्द घडवावे लागले. होडीला किंमत असते, मासळीला भाव असतो. किनाऱ्यापासून दिसणाऱ्या पाण्याची विक्री कधी झालीच नसल्याने त्याला भाव नाही, आणि कोष्टकात त्याच्यापुढे शून्य लिहिले जाते. त्या रकान्याचे शीर्षक काय असावे, हे ठरविणाऱ्यांत आमचे विद्यार्थीही उद्या असतील.