अर्ध्यावर चढवलेला घोडा

भोपाळचा इतिहास वाचताना मला नेहमी वाटतं की इथले लोक दोनच गोष्टी आठवणीत ठेवतात: बेगमांचं राज्य आणि ८४ ची गॅस. बेगमांचं राज्य आलं कसं, हे विचारलं की मात्र दहातले आठ जण तळ्याकडे बोट दाखवून विषय बदलतात. ते राज्य एका पिस्तुलामुळे आलं. तेही एका आठ वर्षांच्या पोराच्या हातातल्या.

हे मला लग्न होऊन इथे आल्यावर वीस-बावीस वर्षांनी, पुस्तकातून कळलं. पण कळणं वेगळं आणि समजणं वेगळं. समजलं ते चौकाजवळच्या एका गल्लीत, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या दुकानात. जैनांच्या घरातली सून तिथे काय करत होती, असं तुम्ही म्हणाल. माझ्या नणंदेनेही हेच विचारलं होतं, जरा जास्त मोठ्या आवाजात.

आमचं घर मूळचं कारंज्याचं. सासरे नागपूरला सरकारी नोकरीत. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातली शेकडो मराठी माणसं फायलींबरोबर पोती-ट्रंका बांधून इकडे आली. त्यांत हेही. पुढे ते कोषागारात अधिकारी झाले आणि साठच्या दशकात त्यांची बदली मुरैन्याला झाली. चंबळचे ते दिवस. सरकारी रोकड घेऊन फिरणाऱ्या माणसाने हत्यार बाळगावं असं वरच्यांनी सुचवलं, परवानाही मिळाला, आणि पाणी गाळून पिणाऱ्या आमच्या घरात बर्मिंगहॅमचं वेब्ली अँड स्कॉट आलं. घरात सगळे त्याला पिस्तूल म्हणत. खरं तर ते .३२ चं रिव्हॉल्व्हर.

त्याच्याबरोबर कातड्याचं म्यानही आलं होतं. ते मात्र सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. हत्यार सरकारचं काम म्हणून एकवेळ चालेल, कातडं नाही! त्यांनी जुन्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवली आणि त्यात ते ठेवलं. सासऱ्यांनी त्यातून आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींच्या समोर दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा सासरे म्हणाले होते म्हणे, आता आपणही ठेवायला हरकत नाही. पण ठेवलं नाहीच. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं, दर निवडणुकीला ते ठाण्यात जमा होत राहिलं आणि परत येत राहिलं.

२०१८ मध्ये सासरे गेले. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं, मग वारसाने काय तो अर्ज करायचा. ह्यांनी ते उस्तादांकडे जमा केलं. विकून टाकायचं ठरलं. ह्यांना वेळ नाही, म्हणून कागदपत्रं घेऊन मी गेले. चौकातल्या मंदिरात दर्शन, तिथून पाच मिनिटांवर दुकान.

उस्ताद पंचाहत्तरीचे. मेंदी लावलेली दाढी, खोकला. तो खोकला भोपाळच्या जुन्या वस्तीत कुणाला विचारावा लागत नाही. त्यांनी पिशवी उलगडली आणि रिव्हॉल्व्हरच्या आधी पिशवीकडेच बघत बसले. म्हणाले, "ये किसने सिली? बहनजी, चमडा लोहे को खा जाता है. इसने बचा लिया." कातडं कमावताना त्यात जे घातलेलं असतं ते आणि दमट हवा मिळून लोखंड गंजवतात, हत्यार कायम म्यानात ठेवू नये, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. सासूबाई असत्या तर त्यांना केवढा आनंद झाला असता.

मग त्यांनी ते हातात घेतलं, नळी जमिनीकडे केली, मधून मोडल्यासारखं उघडलं, सहाही घरं बघितली, बोट घालून पुन्हा चाचपली. पन्नास वर्षं रिकामं असलेलं हत्यार. मी तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "खाली पिस्तौल ने ही सबसे ज़्यादा लोग मारे हैं." आणि त्यांनी इस्लामनगरचं नाव घेतलं.

इस्लामनगर भोपाळपासून दहा-बारा किलोमीटरवर. नवाब नज़र मुहम्मद खान तिथे होता. याच्या बापाने, वज़ीर मुहम्मदने, १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजांपासून भोपाळ वाचवलं होतं. आपल्या लोकांनी शहराला महिनोन्‌महिने वेढा घातला होता, शहरात अन्नाचा दाणा नव्हता, तटावर बायका लढत होत्या. (मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही १७३७ ची बाजीरावाची भोपाळची लढाई आणि निजामाची फजिती मोठ्या हौसेने सांगतो, या वेढ्याबद्दल कुणी बोलत नाही.) नज़र गादीवर आला, १८१८ मध्ये इंग्रजांशी तह करून मोकळा झाला, आणि दीड-पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १८१९ मध्ये, इस्लामनगरला घरच्या माणसांत विसावला असताना त्याचा आठ वर्षांचा मेहुणा फौजदार मुहम्मद त्याच्या पिस्तुलाशी खेळू लागला. गोळी सुटली. नवाब जागच्या जागी गेला. वय तिशीच्या आत.

बायको कुदसिया अठरा-एकोणीस वर्षांची. मुलगी सिकंदर सव्वा वर्षाची. दुखवट्याला जमलेल्या भाऊबंदांसमोर कुदसियाने पडदा बाजूला सारला आणि राज्य मुलीच्या नावाने आपण चालवणार असं सांगितलं. तिथून सिकंदर, शाहजहान, सुलतान जहान असं करत, मधली सात वर्षं सोडली तर, १९२६ पर्यंत या शहरावर बायकांनी राज्य केलं.

पुस्तकात याच ठिकाणी एक बारीकशी शंका असते: हा खरंच अपघात होता का? आठ वर्षांच्या मुलाला त्या काळचं जड पिस्तूल चालवता येईल का? भाऊबंदांत गादीवर डोळा असलेले होतेच. मी ती शंका उस्तादांना विचारली. इतिहासाची पदवीधर नाही मी, कलाशाखेत मराठी घेऊन बीए केलं. पण अशा शंका मला स्वयंपाक करतानाही सोडत नाहीत. उस्तादांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, मंगळवारी या, काम कमी असतं.

त्या हिवाळ्यात मी बहुतेक सगळे मंगळवार गेले. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं: हत्यार दुरुस्त करायलाही सरकारचा परवाना लागतो, तो माझा आहे, तुमचा नाही, हात लावाल तो माझ्या समोर, माझ्या ओट्यावर. सुरुवात झाली एका चकमकीच्या पिस्तुलाच्या सुट्या कळेपासून. नळी नाही, मूठ नाही, नुसती लोखंडाची पट्टी आणि तिच्यावर घोडा. घोड्याच्या तोंडात गारगोटी. चाप ओढला की घोडा पोलादावर आपटतो, ठिणगी प्यालीतल्या रंजकेवर पडते, ती आग कानातून नळीत जाते. १८१९ मध्ये भोपाळकडे असंच पिस्तूल असणार. टोपीची पिस्तुलं नंतर आली.

"चढाइए," म्हणाले. मी अंगठ्याने घोडा मागे ओढला. कट्‌ असा आवाज आला आणि तो मधेच थांबला. हा अर्धा. भरलेलं पिस्तूल कमरेला लावायचं ते असं, घोडा अर्ध्यावर ठेवून. इथे चाप ओढला तरी सुटू नये. मी ओढला, सुटला नाही. मग त्यांनी दुसरी कळ दिली, तितकीच जुनी. घोडा अर्ध्यावर चढवला, चापाला बोट लागतं न लागतं तोच तो खाडकन खाली आला. मी दचकले, आणि उस्ताद हसले. आतल्या चक्रीला एक खाच असते, तिच्यात चापाचं टोक अडकतं. वर्षानुवर्षं वापरून खाचेची कड झिजते. वरून काहीच दिसत नाही. हत्यार चकचकीत, मुठीवर चांदी, आणि आत नखाएवढी कड गोल झालेली. "बच्चे की उंगली बहुत है," ते म्हणाले.

नवाबाच्या पिस्तुलाचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. ते पिस्तूल कुणी उघडून बघितलेलं नाही. पण आठ वर्षांच्या पोराला जमणारच नाही, म्हणून कट असलाच पाहिजे, हा युक्तिवाद माझ्यापुरता त्या मंगळवारी संपला. आणखी एक गोष्ट मला त्यापेक्षा मोठी वाटते. फौजदारला कुणी मारलं नाही. तो वाढला, मोठा झाला, १८४५ च्या सुमाराला भाचीच्या मुलीच्या वतीने राज्याचा कारभारही बघू लागला. कुदसियाने नवरा गमावला तो भावाच्या हातून, आणि भाऊ घरातच राहिला. तिने त्याच्याकडे रोज कसं बघितलं असेल? इतिहासकार याच्यावर एक ओळ लिहीत नाहीत.

पुढचं शिकणं आमच्याच वेब्लीवर झालं. तिची मुख्य कमान, इंग्रजी व्हीसारखी दुमडलेली पोलादी पट्टी, थकली होती; घोडा आपटायचा, पण जीव नव्हता. नवी मिळण्यासारखी नव्हती. उस्तादांनी पट्टी कापून दिली आणि कानस माझ्या हातात. लांबीला घासायचं, आडवं नाही; आडवा ओरखडा राहिला की कमान तिथेच मोडते. तीन मंगळवार मी नुसतं घासलं. तापवणं, तेलात बुडवणं, मग पुन्हा हलकं तापवून निळा रंग येईपर्यंत थांबणं, हे त्यांनी केलं. पाणी पाजणं आणि पाणी उतरवणं हे शब्द मी मराठीत लहानपणापासून वाचलेले. निळा रंग पोलादावर सायीसारखा सरकत येतो हे तेव्हा पाहिलं.

पुसायला तेल मागितलं तर त्यांनी शिलाई मशीनचं दिलं. अब्बांच्या काळात चरबी वापरत, म्हणाले, तुमच्यासाठी नाही आणली. १८५७ ला काडतुसांच्या चरबीवरून केवढं रान पेटलं, इथे शेजारी सिहोरला शिपायांनी स्वतःचं सरकारसुद्धा काढलं. आणि इथे हा माणूस न विचारता माझा धर्म सांभाळत होता. माझ्यासाठी एक वेगळा काचेचा ग्लास धुऊन पालथा ठेवलेला असे, पाणी मी घरून गाळून नेत असे. दिवेलागणीला ते दुकान आवरायचे कारण डोळ्यांना दिसत नसे, आणि मी निघायची कारण जेवण उरकायचं असे. आमचं वेळापत्रक छान जुळत होतं.

भगतसिंहांच्या पिस्तुलाची गोष्ट मीच त्यांना सांगितली. साँडर्सवर झाडलेलं .३२ चं कोल्ट, इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहात कितीतरी वर्षं पडून होतं. गंजू नये म्हणून वरून काळा रंग फासलेला. २०१६ मध्ये रंग खरवडला तेव्हा खालचा क्रमांक दिसला आणि ते कुणाचं हे कळलं. आता ते पंजाबात, हुसैनीवाल्याला आहे. उस्तादांना त्यातलं देशप्रेम वगैरे नंतर सुचलं. आधी ते म्हणाले, रंग कुणी लावला तो? तेल लावायला काय झालं होतं?

मनाला टोचणी होतीच. आमच्या श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. तलवार, कुऱ्हाड, विष, विस्तव. शिकणं त्यात बसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण दुरुस्त करून विकणं? नणंद म्हणाली, भाजी चिरायची सुरीही मग देऊ नकोस कुणाला. तिचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. आणि दुसऱ्या बाजूने मला अबिदा सुलतान आठवत राहिली. भोपाळची ही राजकन्या १९३५ मध्ये रात्री स्वतः गाडी चालवत कुरवाईला नवऱ्याकडे गेली, भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाली, मला मार, नाहीतर मी तुला मारीन. प्रश्न तिच्या मुलाच्या ताब्याचा होता. गोळी सुटली नाही, मुलगा आईकडे राहिला. त्या रात्री तिच्याकडे रिव्हॉल्व्हर नसतं तर? मला याचं उत्तर देता आलेलं नाही.

फेब्रुवारीत गिऱ्हाईक आलं. तरुण, ठेकेदारी करणारं, परवाना पक्का, किंमत चांगली. मी दुकानातच होते. त्याने वेब्ली उचलली, न उघडता चापावर बोट ठेवलं, हसत हसत नळी उस्तादांच्या छातीवरून फिरवत माझ्याकडे आणली आणि "ठाँय" म्हणाला. उस्तादांनी नुसत्या दोन बोटांनी नळी खाली दाबली. चेहऱ्यावर काही नाही.

"द्यायचं नाही," मी म्हटलं. मराठीत. मग हिंदीत सांगितलं.

घरी बरंच ऐकून घ्यावं लागलं. पैसे थोडे नव्हते, आणि दुसरं गिऱ्हाईक बघू, यावर हे अडून होते. मी म्हटलं, दुसऱ्याचं बोट कुठे असेल ते मी कसं बघणार? आठवडाभर अबोला. शेवटी हेच अर्ज लिहून आले आणि वेब्ली सरकारजमा झाली, बिनपैशांची. जमा करण्याआधी मी उस्तादांना विचारलं, जुनी कमान परत बसवाल का? त्यांनी कारण विचारलं नाही. बसवली. नवी कमान त्यांनी पक्कडीत धरून मोडली, दोन तुकडे कागदात बांधून मला दिले. मजुरी विचारली तर म्हणाले, तीन मंगळवार तर तुम्ही घासत होतात, मीच द्यायची का?

पिशवी ठाण्यातून परत मिळाली. दोनदा धुतली, तेलाचा वास जात नाही. आता तिच्यात मी मशीनची कात्री ठेवते.