डहाणूच्या किनाऱ्यावरील जुनीं ठाणीं

इटलीच्या किनाऱ्यावर डोंगराला बिलगून वसलेलीं गांवें पाहावयास दूरदेशींचे प्रवासी जातात आणि तेथील प्रत्येक पडक्या बुरुजाची हकीकत हौसेनें ऐकतात. आपल्या उत्तर कोंकणांत नारगोळपासून तारापुरापर्यंतचा किनारा कांहीं कमी जुना नाहीं. पण त्याची हकीकत विचारणारे थोडे. सपाट पुळण, मागें सुरूचीं बनें, त्यांच्यामागें चिकूच्या वाड्या. डोळे दिपावेत असें येथें फारसें नाहीं. या किनाऱ्याचें वैभव शिळेवर आणि ताम्रपटावर कोरलेलें आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचा. लढाया जिंकल्याची बढाई त्यांत थोडी, दानधर्माची नोंद मोठी. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्यानें वाटसरूंसाठीं फुकट तरी ठेविल्या, असें तो सांगतो. दमण म्हणजे दमणगंगा. दाहनुका या नांवांत डहाणू स्पष्ट ऐकूं येतें. त्याच लेखांत नानंगोल गांवच्या ३२,००० नारळींचें दान नोंदलेलें असून, तें गांव नारगोळच असावें असें पंडित मानतात. नारळींच्या संख्येंत राजेलोकांची थोडी अतिशयोक्ति असली तरी असो. तरीची सोय मात्र नदी ओलांडणाऱ्या गरिबालाच कळणारी होती.

सुमारें आठशें वर्षांनंतर हीच गोष्ट पुन्हां आढळते. चिंचणीस १९५५ सालीं कांहीं ताम्रपट उजेडांत आले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतील आहे. त्या वेळीं संजाणच्या मंडलावर राजानें नेमलेला अधिकारी कोण? मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब. त्याचें मूळ नांव महंमद असावें. त्यानेंही दोन नद्यांवर फुकट नावा चालविल्या, आणि अन्नछत्र घालून वाटसरूंस भात, कालवण व तूप मिळण्याची व्यवस्था केली. देवीच्या मठिकेस दिलेल्या दानाची नोंदही याच ताम्रपटांत आहे. अरब अधिकारी, कानडी राजा, देवीचा मठ आणि त्याच बंदरांत इराणांतून आलेले पारशी! पुढें संजाण पडल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरांत बारा वर्षें जपला, अशी परंपरा आहे. १७४२ पासून तो उदवाड्यास आहे.

फिरंगी आले आणि खाडीखाडीच्या मुखाशीं तट उभे राहिले. १५३४ च्या तहानें वसई त्यांस मिळाली, १५५९ त दमण. मराठ्यांनीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत १७३९ च्या जानेवारींत माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर घेतलें. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडले. एवढें रक्त सांडून किनारा घेतला. आणि १७८३ त सांतान नांवाच्या एका जहाजाच्या भरपाईदाखल मागचा नगरहवेली परगणा मराठ्यांनींच फिरंग्यांस तोडून दिला. हा सौदा इतिहासांत फार थोडक्यांत उरकला जातो, तो कां, हें सांगावयास नको.

किनाऱ्यावरील प्रवासी सहसा डोंगराकडे वळत नाहीं. तिकडे तलासरीच्या मुलुखांत वारली राहतात. सावकार-जमीनदारांच्या वेठीखालीं पिढ्या गेल्यावर १९४५ च्या मे महिन्यांत झरी गांवीं गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितींत त्यांनीं वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड मारला गेला. या भूमीवर इतके राजे आले-गेले, पण वेठ सुटली ती वारल्यांच्या स्वतःच्या हट्टानें.

तलासरीच्या पूर्वेस, नगरहवेलीच्या सीवेला लागून उधवा आहे. तेथें समुद्र नाहीं, प्रवाशांनीं चित्रें काढावीं असें कांहीं नाहीं. १९५४ च्या जुलैंत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळें झालें. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपल्या लोकांनिशीं खानवेलकडे हटला, आणि ११ ऑगस्टला उधव्यास येऊन भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. दमण त्यानंतर सात वर्षांनीं, १९६१ च्या डिसेंबरांत, मोकळें झालें.