जावा फर्न

जावा फर्न (शास्त्रीय नाव: मायक्रोसोरम टेरोपस, अन्य नाव: लेप्टोचिलस टेरोपस) ही पॉलिपोडिएसी कुलातील, नेचे गटातील वनस्पती आहे. ती मंद प्रकाशात तग धरते आणि तिला कार्बन डायऑक्साइडचा वेगळा पुरवठा लागत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात प्रथमच जिवंत वनस्पती लावणाऱ्यांना ती सहसा सुचवली जाते.

नाव व आढळ

कार्ल लुडविग ब्लूम यांनी १८२८ मध्ये जावा बेटावरील वनस्पतींच्या सूचीत तिचे पॉलिपोडियम टेरोपस या नावाने वर्णन केले. ‘टेरोपस’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘पंख असलेला पाय’. ईशान्य भारत, दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात ती ओढ्याकाठच्या सावलीतील खडकांवर व लाकडांवर वाढते. पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली तरी जगते.

लागवड

जावा फर्नचे खोड आडवे वाढते. त्यास मूलक्षोड म्हणतात. ते वाळूत किंवा खड्यांत पुरल्यास कुजते व पुढे संपूर्ण झाड मरते. नवशिक्यांचे झाड मरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून मूलक्षोड दगडाला अथवा लाकडाला दोऱ्याने सैलसर बांधतात. काही आठवड्यांत मुळे पृष्ठभागाला घट्ट धरतात.

पाण्याचे तापमान सुमारे २० ते २८ अंश सेल्सिअस असावे. दिवसाला ६ ते ८ तास मंद प्रकाश पुरतो. ही वनस्पती सावकाश वाढते, त्यामुळे प्रकाश वाढवल्याने तिच्या वाढीस फारसा वेग येत नाही. उलट जादा प्रकाशाचा लाभ शेवाळाला होऊन ते पानांवर चढते. पोषकद्रव्ये ती प्रामुख्याने पाण्यातून घेते. पाने चिवट असल्याने बहुतेक मासे ती खात नाहीत.

अभिवृद्धी

जुन्या पानांवर छोटी रोपे फुटतात. त्यांना मुळे आल्यावर ती वेगळी करून बांधता येतात. प्रत्येक तुकड्यावर काही पाने राहतील अशा बेताने मूलक्षोडाचे तुकडे करूनही नवी झाडे मिळतात.

सामान्य गैरसमज

पानांच्या मागील बाजूस ओळीने दिसणारे तपकिरी ठिपके अनेकदा रोग समजून काढले जातात. प्रत्यक्षात ते बीजुककोशांचे पुंज असतात. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेल्या झाडाची जुनी पाने मत्स्यालयात आल्यावर गळू शकतात. मूलक्षोड टणक व हिरवे असल्यास त्यातून नवी पाने फुटतात. मूलक्षोड मऊ व काळे पडले असल्यास मात्र तो भाग कापून टाकावा लागतो.