अंगणवाडीचा वारसा आणि पालकांचे शिक्षण

मूल वाढविणे हे एकट्या आईबापांचे काम आहे, ही कल्पना एकत्र कुटुंबाच्या काळात कोणास सुचलीही नसती. आजी, आत्या, शेजारीण यांच्या अनुभवाचा आधार तेव्हा न मागता मिळत असे. नोकरीनिमित्त माणसे दूर गेली, कुटुंबे आटोपशीर झाली, आणि हा आधार कोणी द्यावयाचा हा प्रश्न उभा राहिला. या प्रश्नाचा भारतातील इतिहास पाहू जाता मराठी वाचकास एका नावापाशी आदराने थांबावे लागते. ते नाव ताराबाई मोडक यांचे होय.

१९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पुढे तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलास समजून घ्यावयाचे तर पालकांशीही बोलले पाहिजे, ही या मंडळींची धारणा होती. गिजुभाईंनी पालकांसाठी स्वतंत्र लेखन केले. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघे. ताराबाईंनी ती मराठीतही चालविली.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यांतील मुले शाळेत येत ना, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. स्वच्छता, खेळ, गाणी हे सारे घरच्यांच्या नजरेसमोर होऊ लागले, आणि मुलाबरोबर घरही शिकू लागले.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्राचे नावही अंगणवाडी हेच राहिले. योजनेत सेवा सहा होत्या. पूरक आहार व शालापूर्व शिक्षण अंगणवाडीकडे. लसीकरण, आरोग्यतपासणी व संदर्भसेवा आरोग्य खात्याकडे. आणि मातांचे आहार-आरोग्य शिक्षण दोघांनी मिळून करावयाचे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले व ‘आशा’ कार्यकर्ती या कामात सामील झाली. सेविका, परिचारिका व आशा यांनी महिन्यातून एक दिवस अंगणवाडीत एकत्र यावे, अशी प्रथा त्यानंतर पडली.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसास येथे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. वाटलेला आहार मोजता येतो, टोचलेली लस मोजता येते. घाबरलेल्या तरुण आईशी शांतपणे केलेले अर्ध्या तासाचे बोलणे कोणत्याच रकान्यात बसत नाही. जे दोघांचे काम, ते बहुधा कोणाचेच राहत नाही. म्हणून सहांपैकी हीच सेवा प्रथम मागे पडते. ज्या सेविकेवर तिचा भार, ती मानधनावर राबते. तिला उपदान मिळावे हा निर्णयसुद्धा सर्वोच्च न्यायालयाकडून येण्यास एप्रिल २०२२ उजाडले.

परप्रांतातील मराठी मंडळांना या इतिहासातून एक बोध घेता येईल. आपल्याकडे सभागृह आहे, अनुभवी आजी-आजोबा आहेत, निवृत्त शिक्षिका व डॉक्टर आहेत. जवळच्या अंगणवाडीशी व आरोग्यकेंद्राशी त्यांची गाठ घालून दिली, तर आईबापांशी बोलण्याचे ते राहून गेलेले काम मार्गी लागेल. गुजरातेत जाऊन तेथल्या मुलांची झालेली एक मराठी स्त्री आपल्या पाठीशी आहे, हे विसरू नये.