परदेशात मोबाइल : रोमिंगचा भुर्दंड कसा टाळाल?

आपले सिमकार्ड परदेशातही चालते, हा दिलासा सहलीहून परतल्यावर हाती पडणाऱ्या बिलाने क्षणात नाहीसा होतो. परक्या कंपनीचे नेटवर्क वापरल्याचे शुल्क आपल्याच बिलात चढते. यालाच आंतरराष्ट्रीय रोमिंग म्हणतात.

युरोपात जाणाऱ्यांसाठी यावर सोपा उपाय आहे, तो म्हणजे तेथील प्रीपेड सिमकार्ड किंवा ई-सिम. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधील रोमिंगचा जादा आकार रद्द केला आणि २०२२ मध्ये या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेले रोमिंगची सोय असलेले कार्ड रोम वा व्हिएन्नातही जादा आकाराविना वापरता येते. डेटाला मात्र मर्यादा असू शकते. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन येथेही हीच सवलत आहे.

फसगत होते ती स्वित्झर्लंडमध्ये. आपल्या पर्यटकांचा हा आवडता देश युरोपीय संघात नाही आणि ब्रिटनही २०२० मध्ये संघाबाहेर पडला. तेव्हा या दोन्ही देशांत कार्ड कोणत्या दराने चालेल, हे खरेदी करतानाच विचारून घ्यावे. जिनिव्हा, बाझल यांच्या आसपास सीमेपलीकडचे नेटवर्क आपोआप जोडले जाऊ शकते. तेथे नेटवर्क स्वतः निवडावे.

भारतीय कार्ड मात्र फेकून देऊ नये. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. ते फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवून त्याचे ‘डेटा रोमिंग’ विमानात बसण्यापूर्वीच बंद करावे. व्हॉट्सअ‍ॅप नव्या कार्डाच्या इंटरनेटवर जुन्याच क्रमांकाने चालते.