जबलपूरच्या भिंतीवरील तडे: चुना, सिमेंट आणि भूकंप

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, दप्तरे आठवतात. या पाठात आपण घराच्या भिंतीवरचा एक तडा वाचणार आहोत: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, पावसाळ्यात ज्यातून पाणी झिरपते तो.

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. १९९३ च्या किल्लारीइतका तो संहारक नव्हता. मात्र विटांच्या असंख्य घरांना तडे गेले आणि पावसाळा महिन्यावर आला होता. तडे खिडक्यांपाशीच का? भिंतीत पोकळी ठेवली की तिच्यावरचा भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो आणि ताण कोपऱ्यांवर एकवटतो. लिंटेलच्या पातळीवर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा असेल तर भिंती एकत्र हलतात. जुन्या घरांत तो सहसा नसे.

पण सगळेच तडे भूकंपाचे नाहीत, आणि इथे आपल्याला मागे जावे लागते. पूर्वी बाहेरचा गिलावा चुन्याचा असे. भिजवलेला चुना वाळू किंवा सुरखीबरोबर घाणीत मळत. असा गिलावा सावकाश घट्ट होतो, भिंतीबरोबर थोडा हलतो, आतली ओल बाहेर सोडतो. बारीक भेगेत पाणी शिरले तर विरघळलेला चुना पुन्हा साचून ती काही अंशी बुजतेही.

या चुन्यासाठी प्रसिद्ध असलेले कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच होते (स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली). गंमत अशी की पहिल्या महायुद्धाच्या काळात देशातील अगदी सुरुवातीच्या सिमेंट कारखान्यांपैकी एक याच कटनीत उभा राहिला. चुन्याला हटवणारा माल चुन्याच्याच गावातून निघाला!

सिमेंटचा गिलावा लवकर घट्ट होतो, पण वाळताना आकसतो. पुरेसे दिवस पाणी मारले नाही की केसासारख्या भेगा पडतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तो चढवला तर ओल आत कोंडते. दोष एकट्या सिमेंटवर टाकणे मला पटत नाही. छज्जा आखूड झाला, त्याच्या खालच्या कडेची पाणी तोडणारी खाच गेली, खिडकीच्या पाळीचा बाहेरचा उतार विसरला गेला; चौकट आणि भिंत यांमधली फट नुसत्या सिमेंटने भरली जाऊ लागली. जबलपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हा या प्रत्येक चुकीची परीक्षा होते.

तुमच्या घरी असा तडा असेल तर त्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा. काही महिन्यांनी ती तुटली तर तडा अजून हलतो आहे. तो भिंतीच्या आरपार असेल तर अभियंत्याला दाखवावा. न हलणारा गिलाव्याचा तडा खाचून, धूळ काढून, लवचीक भरावाने बुजवता येतो. बोटाने ठोकून पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढावाच लागतो. नुसती पुट्टी आणि रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकतात. जुन्या घरात असे किती पावसाळे गेले, ते तड्याच्या कडेला सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्यांवरून मोजून पाहा.