जेत्यांची प्रश्नावली

हर्बर्ट पासिन (१९१६–२००३) हे शिकागोत मानववंशशास्त्र शिकले, लष्कराच्या शाळेत जपानी भाषा शिकले आणि १९४५च्या अखेरीस पराभूत जपानमध्ये दाखल झाले. गणवेश उतरल्यावरही ते नागरी अधिकारी म्हणून तेथेच राहिले. सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयातील लोकमत व समाजशास्त्रीय संशोधन शाखा त्यांच्याकडे आली. जेत्याच्या प्रश्नाला जिताने खरे उत्तर का द्यावे, हा या शाखेपुढील मूळ पेच होता. म्हणून तिने जपानी संशोधकांनाच सोबत घेतले.

अशा पाहणीचे मोल लिपीच्या वादात दिसले. चित्रलिपीमुळे जनता अज्ञानात राहते, या समजुतीने अमेरिकी शिक्षणमंडळाने १९४६ साली रोमन लिपीची शिफारस केली होती. १९४८ साली मुख्यालयाच्या शिक्षणविभागाच्या पुढाकाराने जपानी भाषातज्ज्ञ व संख्याशास्त्रज्ञांनी देशभरातील सुमारे १७ हजार स्त्रीपुरुषांची चाचणी घेतली. पूर्ण निरक्षर शेकडा दोनच्या आसपास निघाले. लिपिबदलाचा मुख्य आधारच ढासळला.

१९५२ साली लष्करी अंमल संपला. पासिन पुढे कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जपानची लिपी जपानपाशीच राहिली. सत्तेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सत्तेच्या सोयीचे निघाले नाही, यातच त्या संशोधनाची प्रतिष्ठा होती.